सेलमध्ये ‘मर्ज’ आणताना

सेल या नियम लिहायच्या लहानशा भाषेत दोन लिस्ट जोडायच्या तर मध्ये अधिकचं चिन्ह टाकलं म्हणजे झालं. दोन स्ट्रिंगनाही तेच चिन्ह चालतं. दोन मॅप, म्हणजे नाव (की) आणि त्याची किंमत (व्हॅल्यू) अशा जोड्यांचे संच, मात्र जोडता येत नाहीत. आमच्या प्लॅटफॉर्म टीमकडे मागणी आली ती अगदी साधी होती. कंपनीने ठरवलेली लेबलं एका मॅपमध्ये आहेत, ज्या त्या टीमने दिलेली लेबलं दुसऱ्या मॅपमध्ये आहेत आणि दोन्हींचा मिळून एक मॅप हवा आहे. एकच लेबल दोन्हीकडे असेल तर टीमने दिलेलं धरायचं.

ज्यांचा सेलशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. सेल, म्हणजे कॉमन एक्स्प्रेशन लँग्वेज, ही गूगलने तयार केलेली लहानशी भाषा आहे. गूगल क्लाउडच्या आयएएममध्ये (कुणाला कशाची परवानगी ते ठरवणाऱ्या सेवेत) अटी लिहायला ती वापरतात, एन्व्हॉय या नेटवर्क प्रॉक्सीच्या आरबीएसी, म्हणजे भूमिकेवरून परवानगी देणाऱ्या, नियमांत ती आहे. आमच्यासारख्यांच्या रोजच्या कामात ती आली ती कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेमुळे. सीआरडीच्या, म्हणजे कुबरनेटीसमध्ये आपण स्वतः ठरवलेल्या ऑब्जेक्ट-प्रकारांच्या, व्हॅलिडेशन नियमांत ती कुबरनेटीस १.२५ मध्ये बीटा झाली आणि १.२९ मध्ये स्थिर. या भाषेत लूप नाही, व्हेरिएबलची किंमत बदलता येत नाही, फाइल उघडता येत नाही, नेटवर्कवर जाता येत नाही. प्रत्येक एक्स्प्रेशन ठरावीक कामात संपणार याची हमी असते, म्हणून कुणीही लिहिलेला नियम कुबरनेटीसच्या मध्यवर्ती एपीआय सर्व्हरच्या आत निर्धास्तपणे चालवता येतो. मला ही भाषा आवडते ती याच संयमासाठी. त्यामुळे तिच्यात काही नवं घालायचं म्हटलं तेव्हा पहिला विचार आला तो हाच: हे खरंच घालायला हवं का?

आधी आहे त्यात भागतं का ते पाहिलं. सेलचा ‘मॅप’ मॅक्रो (प्रत्येक घटकावर एक्स्प्रेशन चालवणारा, मॅप या टाइपशी फक्त नाव सारखं) एखाद्या मॅपवर चालवला तर हाती लिस्ट येते, मॅप येत नाही. ‘फिल्टर’चंही तसंच, तो गाळून उरलेल्या कीजची लिस्ट देतो. सेल चालवणाऱ्या, गो भाषेतल्या लायब्ररीच्या एक्स्टेन्शनमध्ये दोन व्हेरिएबलची कॉम्प्रिहेन्शन्स, म्हणजे की आणि व्हॅल्यू दोन्ही हाती देऊन फिरणारे मॅक्रो, आहेत. त्यांतलं ‘ट्रान्सफॉर्म-मॅप’ व्हॅल्यू बदलतं, पण नवी की आणू शकत नाही. ‘ट्रान्सफॉर्म-मॅप-एन्ट्री’ नवी की आणतं, पण तीच की दुसऱ्यांदा आली तर एरर देतं. मग वाट उरते ती अशी: पहिल्या मॅपमधल्या ज्या कीज दुसऱ्यात नाहीत त्या गाळून घ्यायच्या, त्यांना दुसऱ्याच्या सगळ्या कीज जोडायच्या, त्या लिस्टवर ‘ट्रान्सफॉर्म-मॅप-एन्ट्री’ चालवायचं आणि प्रत्येक कीसाठी कुठली व्हॅल्यू घ्यायची ते आत तपासायचं. हे चालतं. आमच्याकडच्या काही नियमांत लोकांनी अक्षरशः असंच लिहिलं होतं. पण तो नियम सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला त्यात दोन मॅप एकत्र केलेत हे कळायलाच वेळ लागतो. शिवाय एकाच कामासाठी तीन-चार फेऱ्या मारल्या जातात. स्वतंत्र फंक्शन हवं, हे तिथे माझ्यापुरतं पक्कं झालं.

एका सहकाऱ्याने विचारलं, “अधिकचं चिन्हच का नाही देत? लिस्टला आहे, स्ट्रिंगला आहे, मॅपलाही दे.” सूचना चांगली होती आणि मी तिच्यावर बराच वेळ घालवला. तांत्रिक अडचण होतीच. गो लायब्ररीत बेरीज ही त्या त्या व्हॅल्यूच्या स्वतःच्या मेथडवर जाते आणि मॅपच्या टाइपकडे ती मेथड नाही. म्हणजे बाहेरून एक्स्टेन्शन लिहून भागणार नव्हतं, गाभ्यालाच हात लावावा लागला असता. पण माझ्या मनाने नकार दिला तो वेगळ्या कारणाने. दोन लिस्ट जोडल्या तर काहीच हरवत नाही, उत्तराची लांबी दोघींच्या लांबीच्या बेरजेएवढीच असते. स्ट्रिंगचंही तेच. मॅप जोडताना मात्र एकाच नावाच्या दोन व्हॅल्यूंपैकी एक टाकून द्यावी लागते. जिथे काही टाकलं जाणार आहे तिथे वाचणाऱ्याला ते नावातूनच दिसलं पाहिजे. म्हणून नाव दिलं ‘मर्ज’, आणि लिहायची रीत ‘डिफॉल्ट.मर्ज(टीमची)’ अशी.

आता कोणाची व्हॅल्यू टिकणार? मागणीत उत्तर होतं, पण एका मागणीवरून भाषेतला नियम ठरवणं मला बरोबर वाटेना. इतरांनी काय केलंय ते वाचलं. टेराफॉर्म या इन्फ्रास्ट्रक्चर उभारायच्या साधनाच्या ‘मर्ज’मध्ये नंतर दिलेला मॅप जिंकतो. पायथनमध्ये ३.९ पासून डिक्शनरींसाठी उभ्या दांडीचं ऑपरेटर आहे, त्यातही उजवीकडचा जिंकतो. जेक्यू या जेसन डेटा हाताळायच्या साधनामध्येही बेरीज केली तर उजवीकडचाच. हेल्म या कुबरनेटीसवर ॲप बसवायच्या साधनाच्या टेम्प्लेटमधलं ‘मर्ज’ मात्र उलटं आहे. तिथे पहिल्याची व्हॅल्यू टिकते आणि नंतरच्याने वर लिहावं असं वाटत असेल तर ‘मर्ज-ओव्हरराइट’ नावाचं वेगळं फंक्शन वापरावं लागतं. आमचे सगळे वापरकर्ते दिवसभर हेल्म चार्टमध्येच असतात, त्यामुळे हे मला फार महत्त्वाचं वाटलं. नियम उजवीकडच्याच्या बाजूने ठेवला, कारण बहुतेक ठिकाणी तोच आहे. पण डॉक्युमेंटेशनचं पहिलंच वाक्य ‘एकच की दोन्हीकडे असेल तर कंसातल्या मॅपची व्हॅल्यू राहते’ असं लिहिलं, आणि त्याच्याच खाली हेल्मशी असलेला फरक नाव घेऊन सांगितला.

याहून मोठा प्रश्न खोलीचा. मॅपच्या आत मॅप असेल तर आतले मॅपही एकत्र करायचे का? मागणी करणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांच्या मनात ‘हो’ होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. जेक्यूमध्ये त्यासाठी गुणाकाराचं चिन्ह आहे. हेल्मचं ‘मर्ज’ही खोलवर जातं. टेराफॉर्मचं जात नाही.

मी कागदावर तीन मॅप घेऊन बसले. पहिल्यात ‘क्ष’ खाली एक मॅप आहे, ‘प: १’ असा. दुसऱ्यात ‘क्ष’ म्हणजे नुसता आकडा, ५. तिसऱ्यात ‘क्ष’ खाली पुन्हा मॅप, ‘फ: २’. खोल मर्ज करताना नियम असा धरला: दोन्हीकडे मॅप असेल तर आत शिरायचं, नाहीतर उजवीकडचं घ्यायचं. आता पहिले दोन आधी एकत्र केले तर ‘क्ष’ होतो ५, आणि तिसरा आला म्हणजे उरतं नुसतं ‘फ: २’. पण दुसरा आणि तिसरा आधी एकत्र केले तर ‘क्ष’ होतो ‘फ: २’, आणि मग पहिल्याशी मिळवताना ‘प: १’ परत जिवंत होतो. तेच तीन मॅप, तोच क्रम, फक्त कंस कुठे घातला त्यावर उत्तर बदलतं. साध्या, एकाच पातळीच्या मर्जमध्ये हे कधीच घडत नाही. तिथे कंस कुठेही घाला, शेवटचा जिंकतो. हे उदाहरण मी रिव्ह्यूच्या चर्चेत टाकलं आणि वाद बऱ्यापैकी निवळला.

लिस्टचा प्रश्न तर त्याहून अवघड. खोल मर्जमध्ये दोन लिस्ट समोरासमोर आल्या तर काय करायचं? बदलायची, जोडायची, का एकेक घटक जुळवायचा? कुबरनेटीसच्या स्ट्रॅटेजिक मर्ज पॅचमध्ये कंटेनर नावावरून जुळवतात, कारण तिथे स्कीमाच, म्हणजे डेटाची आधी ठरवलेली रचनाच, ते सांगतो. सेलच्या फंक्शनला समोरच्या डेटाचा असा अर्थ माहीत नसतो. ज्याला अर्थ माहीत नाही त्याने अंदाज करू नये, असं माझं ठाम मत आहे. मर्ज एकाच पातळीचं ठेवलं.

नलबद्दलही, म्हणजे ‘काहीच नाही’ दाखवणाऱ्या व्हॅल्यूबद्दलही, विचारणा झाली. आरएफसी ७३९६ मधल्या जेसन मर्ज पॅचमध्ये नल व्हॅल्यू दिली म्हणजे ती की काढून टाकायची असा अर्थ होतो. आम्ही तसं केलं नाही. सेलमध्ये नल ही एक व्हॅल्यू आहे, ती व्हॅल्यू म्हणूनच राहते.

टाइपचा भाग लिहायला सोपा होता, कारण वाट आधीच पडलेली होती. सेलमध्ये बेरजेला दोन्ही लिस्ट एकाच टाइपच्या लागतात. आकड्यांची लिस्ट आणि स्ट्रिंगची लिस्ट जोडायला गेलं तर टाइप-चेकर अडवतो. मर्जची सहीही तशीच दिली: दोन्ही मॅपचा कीचा टाइप एक, व्हॅल्यूचा टाइप एक, आणि परत येणारा मॅपही त्याच टाइपचा. मिश्र व्हॅल्यू हव्या असतील तर ‘डायन’ (कुठलाही टाइप चालेल) लिहून तसं उघडपणे सांगावं लागतं. काहींना हे जाचक वाटलं. पण लेबलांच्या मॅपमध्ये चुकून आकडा घुसला तर तो नियम लिहितानाच पकडला जावा, रात्री क्लस्टरवर नव्हे.

‘डायन’ आलं म्हणजे एक बारीक गोष्ट दाराशी येते, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त शिकवलं ते तिने. सेलमध्ये मॅपची की चारच प्रकारची असू शकते: इंट (पूर्णांक), युइंट (ऋण नसलेला पूर्णांक), बूल (खरं-खोटं), स्ट्रिंग. इंट १ आणि युइंट १ या दोन वेगळ्या टाइपच्या व्हॅल्यू आहेत, पण तुलना केली तर समान. इतक्या समान, म्हणजे स्पेसिफिकेशनच्या कन्फॉर्मन्स टेस्टमध्ये (भाषेचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या चाचण्यांमध्ये) शून्य आणि युइंट शून्य या दोन्ही कीज एकाच मॅप लिटरलमध्ये लिहिणं ही ‘की पुन्हा आली’ अशी एरर मानली आहे. गोमध्ये मात्र आतला मॅप गोच्या स्वतःच्या समानतेवर चालतो, आणि गोच्या लेखी ते दोन्ही वेगळे. सरळ एका मॅपची नक्कल करून त्यावर दुसऱ्याच्या नोंदी लिहिल्या, तर उत्तरात एकच की दोनदा बसते. लांबी दोन येते आणि सेलच्या नियमांनुसार तसा मॅप असूच शकत नाही.

कन्फॉर्मन्स टेस्ट आधी वाचून काढल्यामुळे हे कोड लिहिण्याआधीच समोर आलं. उपाय छोटासा निघाला. आधी पहिल्या मॅपवरून फिरायचं, प्रत्येक की दुसऱ्या मॅपमध्ये आहे का ते लायब्ररीच्याच ‘कंटेन्स’ला विचारायचं, असेल तर ती सोडून द्यायची. मग दुसऱ्या मॅपच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरवायच्या. ‘कंटेन्स’ला इंट, युइंट यांची ही समानता ठाऊक असते, त्यामुळे वेगळी तुलना लिहावी लागत नाही. आणखी एक फायदा असा: प्रत्येक की आणि तिची व्हॅल्यू दोन्ही एकाच मॅपमधून येतात. व्हॅल्यू उजवीकडची आणि की डावीकडची असली खिचडी होत नाही.

लायब्ररीत मॅप एका प्रकारचा नसतो हेही ध्यानात ठेवावं लागलं. एक्स्प्रेशनमध्ये लिहिलेला मॅप वेगळा, प्रोटोबफ या डेटा-फॉरमॅटमधून आलेला वेगळा, जेसनचा स्ट्रक्ट वेगळा, गोच्या साध्या मॅपवर चढवलेला वेगळा. त्यामुळे आत काय आहे ते न बघता फक्त इटरेटर (एकेक नोंद देणारा), ‘गेट’ आणि ‘कंटेन्स’ यांवरच सगळं उभं केलं.

नक्कल करावीच का, यावर माझी स्वतःशीच बरीच झटापट झाली. लायब्ररी लिस्ट जोडते तेव्हा नक्कल करत नाही. आधीची आणि नंतरची अशा दोन लिस्ट ती नुसत्या धरून ठेवते आणि मागितलं तसं त्यांतून काढून देते. मॅपलाही तसं करता आलं असतं, शोधताना आधी उजवीकडे बघायचं आणि नाही सापडलं तर डावीकडे. दिसायला सुंदर. पण लांबी विचारली तर? दोघांत सामाईक असलेल्या कीज मोजून वजा कराव्या लागतात, म्हणजे जे काम टाळलं ते पुन्हा दारात. फिरतानाही तेच. आणि कुणी पाच-सहा मर्ज ओळीने लावले तर प्रत्येक शोध तितक्या पायऱ्या खाली उतरत जातो. व्हॅलिडेशनच्या नियमांत मॅप लहान असतात, पण त्यांत शोध वारंवार होतो. म्हणून नक्कल करायची असं ठरवलं. एका मॅपमध्ये काहीच नसेल तर मात्र दुसरा तसाच परत द्यायचा. सेलमध्ये व्हॅल्यू बदलत नाहीत, त्यामुळे तोच मॅप दोन ठिकाणी वापरला तरी धोका नाही.

एवढं झाल्यावर फंक्शन चालत होतं. मला मात्र ते अजून अर्धंच वाटत होतं, कारण खर्चाचा हिशोब बाकी होता.

सेलची सुरक्षितता या हिशोबावर उभी आहे. कुबरनेटीस सीआरडीतला नियम स्वीकारतानाच त्याचा जास्तीत जास्त खर्च किती होईल याचा अंदाज काढतं आणि एका एक्स्प्रेशनसाठी तो १ कोटी एककांच्या वर गेला तर नियम नाकारतं. स्कीमात ‘मॅक्स-प्रॉपर्टीज’, ‘मॅक्स-आयटम्स’ अशा मर्यादा द्यायला सांगतात ते याचसाठी. आपण नवं फंक्शन घातलं आणि हिशोबाबद्दल काहीच सांगितलं नाही, तर लायब्ररी त्या कॉलचा खर्च १ धरते. हजार नोंदींचे मॅप एकत्र करायलाही १. हे खोटं आहे, आणि खोटा हिशोब असलेलं फंक्शन त्या भाषेच्या मूळ वचनालाच धक्का लावतं. दुसऱ्या बाजूने, उत्तराचा आकार किती हे सांगितलं नाही तर लायब्ररी तो अमर्याद धरते. मग मर्ज केलेल्या मॅपवर कुणी प्रत्येक नोंद तपासणारा ‘ऑल’ लावला तर अंदाज आकाशाला भिडतो आणि अगदी साधा नियमही नाकारला जातो.

म्हणून दोन्ही सांगितलं. खर्च दोन्ही मॅपच्या आकारांच्या बेरजेच्या प्रमाणात. उत्तराचा आकार कमीत कमी किती? दोघांच्या किमान आकारांपैकी जो मोठा तो, कारण सगळ्या कीज सामाईक असल्या तरी मोठा मॅप पुरता राहतोच. जास्तीत जास्त किती? दोघांच्या कमाल आकारांची बेरीज. एका मॅपची मर्यादा ५० आणि दुसऱ्याची २० असेल तर उत्तर ७० च्या वर जाणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला हा आकडा मिळतो. प्रत्यक्ष चालताना जो खर्च मोजला जातो त्यालाही हेच सूत्र, फक्त खऱ्या आकारांवर. ही मोजणी लिहिताना मला जो आनंद झाला तो मूळ फंक्शन लिहिताना झाला नव्हता.

टेस्टमध्ये ठरावीक उदाहरणं तर होतीच, पण माझा भर गुणधर्मांवर होता. कुठलाही मॅप रिकाम्या मॅपशी दोन्ही बाजूंनी मर्ज केला तर तोच राहतो. स्वतःशी मर्ज केला तरी तोच. तीन मॅप असतील तर कंस कुठेही घातला तरी उत्तर एक. हे सगळं यादृच्छिक मॅप बनवून तपासलं, आणि त्यांत इंट, युइंट मिसळलेल्या कीज मुद्दाम घातल्या. उत्तराची स्ट्रिंग करून तुलना करणं टाळलं, कारण गो मॅपवरून दर वेळी वेगळ्या क्रमाने फिरतं आणि सेलही क्रमाची हमी देत नाही. तुलना नेहमी सेलच्या स्वतःच्या समानतेने केली.

रिव्ह्यूत आमच्या एका अनुभवी सहकाऱ्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली, ती आवृत्तीची. “आज हे फंक्शन दिलंस, उद्या कुणी नियमात लिहिलं, परवा आपल्याला जुन्या आवृत्तीवर जावं लागलं तर तो साठवलेला नियम कंपाइल होईल का?” कुबरनेटीसने याचा विचार फार काळजीपूर्वक केला आहे. तिथे नव्याने लिहिलेल्या एक्स्प्रेशनसाठी एक एन्व्हायर्नमेंट आणि आधी साठवलेल्यांसाठी दुसरं असतं. नवं फंक्शन आधी फक्त साठवलेल्या नियमांना समजतं आणि लिहायला खुलं होतं ते पुढच्या आवृत्तीत. म्हणजे एक पाऊल मागे गेलं तरी जुना सर्व्हर तो नियम वाचू शकतो. आम्हीही तेच केलं. एका आवृत्तीत मर्ज समजायला लागलं, पुढच्या आवृत्तीत लिहायची मुभा मिळाली. थांबावं लागलं, पण हा सल्ला मी कुणालाही देईन. भाषेत घातलेलं फंक्शन परत काढता येत नाही, कारण ते कुणाच्या कुठल्या नियमात जाऊन बसलंय हे आपल्याला कळतच नाही.

डॉक्युमेंटेशनच्या उदाहरणात एक गोष्ट आवर्जून घातली. ऑब्जेक्टला लेबलं दिलेलीच नसतील तर ‘लेबल्स’ हे फील्डच तिथे नसतं, आणि सरळ वाचायला गेलं तर ‘अशी की नाही’ अशी एरर येते. त्यामुळे आधी प्रश्नचिन्हाचं ऑप्शनल रूप वापरून ‘ऑर-व्हॅल्यू’ने रिकामा मॅप घ्यायचा आणि मग मर्ज करायचं. हे मर्जच्या आतच सांभाळावं, नसलेला मॅप रिकामा मानावा, अशीही मागणी झाली. मी नाही म्हटलं. सेलमध्ये ‘आणि’, ‘किंवा’सारखे तार्किक ऑपरेटर आणि त्यांवर उभे मॅक्रो सोडले तर साधं फंक्शन एरर गिळत नाही. एकानेच गिळली तर बाकीच्यांकडूनही लोक तीच अपेक्षा धरतील.

खोल मर्जची मागणी अजून येते. परवाच एका टीमने विचारलं, तेव्हा त्यांचा नियम मागून घेतला. त्यांना फक्त मेटाडेटातल्या लेबलांच्या पातळीवर एकत्रीकरण हवं होतं. बाहेरच्या मॅपला मर्ज करायचं आणि कंसात ‘लेबल्स’ या कीखाली आतल्या दोन मॅपचं मर्ज लिहायचं, एवढ्याने त्यांचं काम झालं. कुठली पातळी एकत्र होते ते नियमातच दिसतं. खरोखर कितीही खोल जावं लागेल असा नियम अजून माझ्यासमोर आलेला नाही. आला तर त्याला वेगळं नाव द्यावं लागेल. सध्या टेबलावर दुसरी मागणी आहे: सामाईक की सापडली तर एरर देणारं मर्ज. दोन टीम नकळत एकमेकींची लेबलं पुसत असतील तर ते ओरडून सांगणारं काहीतरी हवं, हे मला पटतं. त्याच्या एरर-मेसेजमध्ये सगळ्या सामाईक कीज द्यायच्या का पहिलीच, आणि क्रमाची हमी नसताना ‘पहिली’ म्हणजे नेमकी कोणती, यावर चर्चा चालू आहे.